मागचं दार

आमच्या आत्याबाई भिंतीतून जात नसत. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कोणीही विचारेल. पण मी म्हणते त्या भिंती तेव्हा उभ्याच राहिलेल्या नव्हत्या. मिस्त्रीनं मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीनं घराची आखणी केली होती, एवढंच. जमिनीवर काही रेघा आणि मधे मधे दारांसाठी सोडलेली जागा. बाकी सगळे त्या रेघांवरून खुशाल ये-जा करत. आत्याबाई मात्र वळसा घालून दाराच्या जागेतून आत शिरायच्या, बैठकीतून स्वयंपाकघरात जायच्या आणि मागच्या दारातून बाहेर पडायच्या. घराची एक वीट आली नव्हती, तेव्हापासून त्या तिथं राहायला लागल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. आष्टीपासून जवळच आमचं गाव. माझ्या नवऱ्याचं, अनिलचं, आष्टीत मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी तिथल्याच एका शाळेत शिकवते. आम्ही दोघं सकाळी निघून गेलो की बांधकामावर दिवसभर राज्य आत्याबाईंचं. आखणी बघायला आलेला माझा भाऊ बोलता बोलता रेघ ओलांडून स्वयंपाकघरात गेला, तर त्यांनी त्याला परत बाहेर काढला आणि दारातून यायला लावला. तो बिचारा बूट काढू का, असं विचारायला लागला. मिस्त्री वैतागून म्हणायचा, तुमच्या सासूमुळं माझ्या माणसांचं चालणं दुप्पट झालंय. त्यावर आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं असे.

"भिंतीतून भूत जातं. माणसानं दारातून जावं."

त्या घरात त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागून घेतली होती, ती म्हणजे मागचं दार. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं आयुष्य पत्र्याच्या एका खोलीत गेलं होतं आणि त्या खोलीला एकच दार. दारासमोर ओटा, ओट्यावर सासरे, दीर, येणारे-जाणारे. न्हाणीचं पाणी टाकायचं तरी त्यांच्यासमोरून, रडू आलं तरी त्यांच्यासमोरून. सासरे गेले, ओटा ओस पडला, तरी त्या दारातून जाताना आत्याबाईंचा पदर आपोआप डोक्यावर जाई. म्हणून अनिल नकाशा काढून घेऊन आला तेव्हा त्यांनी तो न बघताच विचारलं, मागचं दार कुठाय? बाईमाणसाच्या घराला मागचं दार पाहिजे, बाकी तुम्ही काहीही बांधा. ते दार कडुलिंबाच्या झाडाकडे उघडणार होतं. लिंबापलीकडे त्यांच्या चुलत जावेचं, गयाबाईचं अंगण. दोघींचं बोलणं कितीतरी वर्षांपासून बंद होतं, त्याच लिंबाची एक फांदी गयाबाईंनी न विचारता तोडली म्हणून. आत्याबाई म्हणायच्या, तिचं तोंड बघायला लागंल खरं, पण सावली आपल्या दारात पडंल.

घराची घाई आम्हाला नव्हती. गावात घरं अशीच होतात, कधी दोन वर्षांत, कधी पाच. घाई त्यांना होती, आणि तिचं कारण जोतं भरत असताना आम्हाला कळलं. त्या चहाचा कप देताना तो माझ्या हाताच्या बाजूला सोडायला लागल्या होत्या. मी आधी चेष्टा केली. मग एकदा दुभती शेळी अगदी पायाशी उभी असताना त्या तिला हाका मारत गावभर फिरल्या, तेव्हा माझी चेष्टा थांबली. संभाजीनगरला नेऊन दाखवलं. काचबिंदू निघाला, आणि पुष्कळ पुढे गेलेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेवढं बघायचं. बसमध्ये येताना आत्याबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. परतूरच्या अलीकडे कधीतरी त्या बोलल्या.

"मला घर दिसलं पाह्यजे, संगीता. पुढं काय न्हाई दिसलं तरी चालंल. जल्दी करा म्हणावं अनिलला."

त्या दिवसापासून आमचं घर हे घर राहिलं नाही, शर्यत झाली. आणि शर्यत म्हणावी तर सगळं जग आडवं येत होतं. जोत्यावर भिंती छातीएवढ्या आल्या आणि वाळू बंद झाली. नदीतून वाळू काढायला मनाई, ट्रॅक्टर पकडले जाऊ राह्यलेत, अशा बातम्या. मिस्त्री दुसरीकडे निघून गेला. उन्हात अशी अर्धी घरं किती वाईट दिसतात हे स्वतःचं तसं झाल्याशिवाय कळत नाही. आत्याबाई रोज सकाळी डोळ्यांत थेंब घालून घेत आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसत. ट्रॅक्टरचा आवाज आला की उठून उभ्या राहत. ट्रॉलीत कापूस आहे की माती, हे त्यांना जवळ आल्याशिवाय दिसत नसे, म्हणून त्या प्रत्येकाला हात करत. लोक हसायचे. मला राग यायचा, आणि घरी आल्यावर तो राग अनिलवर निघायचा.

मग त्यांनी एक काम सुरू केलं. आमच्या गावात ज्याच्या त्याच्या दारापुढे जुन्या बांधकामाचा वाळूचा उरलेला ढीग असतोच. त्यावर पोरं खेळतात, मांजरं घाण करतात, कोणी त्याच्याकडे बघतही नाही. आत्याबाई घमेलं घेऊन दारोदार गेल्या आणि ती वाळू मागून आणली. एका घरून घमेलंभर, दुसऱ्या घरून बादलीभर. ज्या बाईनं उभ्या जन्मात शेजारणीकडून मिठाचा खडा मागितला नव्हता, ती वाळू मागत हिंडत होती. अनिलनं हात जोडले, शोभतं का हे म्हणाला. त्या म्हणाल्या, शोभेचं काम डोळेवाल्यांनी करावं. चाळणीतून चाळून, काड्या-कचरा वेचून त्यांनी ढीग केला आणि मिस्त्रीला निरोप धाडला. मिस्त्री माणूस वाईट नव्हता. तो आला, ढीग बघून हसला आणि मग हसायचा थांबला. त्या वाळूत एक भिंत होईल म्हणाला. कोणती करू, असं विचारायचीही गरज नव्हती. लिंबाकडची भिंत झाली आणि तिच्यात मागच्या दाराची चौकट उभी राहिली.

पुढे वाळू सुटली, काम चालू झालं, पण नजर थांबली नव्हती. आत्याबाई म्हणायच्या, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. घर त्यांना एकदम दिसेना. एक खिडकी दिसे, मग दुसरी, मग कठडा. म्हणून त्या लांब जाऊन बघायला शिकल्या. जितकं मागं सरकावं तितकं घर जास्त मावायचं. आधी रस्त्याच्या कडेपर्यंत, मग रस्त्यापलीकडे, शेवटी तर त्या दूरच्या तुरीच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून म्हणायच्या, आता दिसलं सगळं. मी त्यांच्याजवळ उभी राहून त्याच दिशेनं बघायची. एवढ्या लांबून घर काडेपेटीएवढं दिसायचं. काही दिवसांनी बांधावरूनही ते दिसेनासं झालं, आणि त्यांनी तिथं जायचं सोडलं.

त्यानंतर त्यांनी घर पाठ करायला घेतलं. मजूर गेले की उन्हं उतरायच्या वेळी त्या उजवा हात भिंतीला लावून सगळं घर फिरायच्या, आणि तेही डोळे मिटून. जेवढं दिसत होतं तेवढंही बघायच्या नाहीत. मी मागून जीव मुठीत धरून चालायची, कारण फरश्या बसल्या नव्हत्या आणि जागोजागी लाकडी बल्ल्या टेकवलेल्या. मी म्हटलं, पावलं मोजता का? तर म्हणाल्या, मोजायची कशाला, पायाला सवय होती. त्यांचा पाठ तोंडीही चालायचा. ही चौकट, हा कोनाडा, हा कट्टा, आन् हे माझं मागचं दार. तिथं पोचलं की त्या डोळे उघडायच्या, लिंबाच्या हिरव्या अंधाराकडे बघायच्या आणि मला सांगायच्या.

"घर हाताला आलं पाह्यजे. डोळे काय, आज हायेत, उद्या न्हाईत. हाताला आलेलं कुठं जातं?"

ऑपरेशन ठरलं तेव्हा घराचं प्लास्टर चालू होतं. उरलेली नजर वाचवायची म्हणून ऑपरेशन. मी त्यांच्याबरोबर संभाजीनगरला दवाखान्यात राहिले, अनिल गावात. त्या काळातच गयाबाईंनी हरकत घेतली. मधली लिंबाची जागा आमच्या हिश्श्याची आहे, तिच्यात दुसऱ्याचं दार उघडू देणार नाही, उद्या सांडपाणी सोडाल, असं त्यांचं म्हणणं. वाटणीच्या वेळी ती जागा दोन्ही घरांची असं तोंडी ठरलेलं, पण ठरवणारी माणसं आता नव्हती. अनिल आधीच टेकीला आलेला होता. आई दवाखान्यात, मिस्त्री ताटकळलेला. भावकीत भांडण नको म्हणून त्यानं चौकट काढली, तिथं वीट लावून घेतली आणि दार बाजूच्या भिंतीला, संडासाकडच्या बोळात पाडलं. वरून प्लास्टर झालं, रंग झाला. मला त्यानं फोनवर सांगितलं ते सगळं झाल्यावर, आणि आईला एवढ्यात बोलू नको म्हणाला. डॉक्टर म्हणालेत ना, मनाला त्रास नको.

ऑपरेशननं जे वाचलं ते म्हणजे उजेड आणि अंधार. माणूस आला तर सावली हलल्याचं कळायचं, बाकी काही नाही. डोळ्यांत धूळ जाता कामा नये म्हणून बांधकामावर जायचं बंद. पत्र्याच्या खोलीत बसून त्या रोज मला विचारायच्या, आज काय झालं? फरशी कुठवर आली? मी सांगायची. मागच्या दाराला कडी बसली का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी अनिलकडे बघितलं आणि तो बसली म्हणाला. बसलीच होती, संडासाकडच्या दाराला.

घरभरणी झाली. भंतेजी आले, वंदना झाली, नातेवाईक, आष्टीची माणसं, अनिलच्या दुकानाची गिऱ्हाइकं, माझ्या शाळेतल्या बाया. आत्याबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं. जेवणं व्हायच्या आधी बाया म्हणाल्या, घर दाखवा. मी उठायच्या आत आत्याबाई उठल्या. मला म्हणाल्या, तू बस, माझं घर मी दाखवते. या क्षणासाठीच तर सगळा आटापिटा होता, आणि आम्ही दोघं नवरा-बायको ते विसरून गेलो होतो. उजवा हात भिंतीला लावून त्या निघाल्या. त्यांच्या मागे सगळ्या बाया. ही बैठक, हा कोनाडा, इथं खिडकी, पूर्वेची हवा येती. कुठं अडखळल्या नाहीत, कुठं चाचपडल्या नाहीत. परतूरहून आलेली एक मावशी माझ्या कानात म्हणाली, कोण म्हणंल हिला दिसत न्हाई. मी अनिलला शोधत होते. आत्याबाई स्वयंपाकघरात शिरल्या, कट्ट्यावरून हात फिरवत पुढे गेल्या आणि कोऱ्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् हे माझं मागचं दार."

 त्यांनी कडी शोधली. खाली चाचपलं, वर चाचपलं. दुसरा हातही लावला. रंगाची भुकटी त्यांच्या बोटांना लागली. तेवढ्यात अनिल आला आणि बायांच्या गर्दीतून घाईघाईनं म्हणाला, आई, दार तिकडं हाय. त्यांनी विचारलं, हलवलं का? त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. एवढ्या पाहुण्यांत भावकीचं रामायण नको, असंच आलं असणार.

"न्हाई. आधीपासून तिकडंच हाय."

आत्याबाईंनी हात भिंतीवरून काढून घेतला. मग माझं चुकलं, असं त्या अगदी हळू म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. पंगती उठल्या, वाढपी ओरडत होते, सगळे घराला चांगलं म्हणत होते. 

दुसऱ्या दिवशी त्या नव्या घरात उठल्या, पण पलंगावरून उतरल्या नाहीत. मला हाक मारली. न्हाणीपर्यंत धरून ने म्हणाल्या. ज्या बाईनं अख्खं घर हाताला आणलं होतं, ती दोन खोल्यांतून एकटी जाईना. भिंतीला हात लावायची आणि लगेच काढून घ्यायची. मी अनिलशी भांडले आणि सरळ त्यांच्याजवळ जाऊन बसले. सगळं सांगितलं, गयाबाई, चौकट, वीट, प्लास्टर. तुमचं काही चुकलं नाही, दार तिथंच होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तू मनाची चांगली हायस. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलू. पोरगं कामून खोटं बोलंल?"

मग पोरगंही बोललं. पाय धरून, रडून बोललं. त्यालाही त्या म्हणाल्या, बायकोनं शिकवलं का तुला. खोटं एकदाच बोललं होतं आणि ते पोटच्या पोराचं होतं, म्हणून पक्कं बसलं. खरं आम्ही कितीदा सांगितलं, ते बसेना. डोळ्यांचं दुःख त्यांनी कधी केलं नव्हतं. आता त्या म्हणायला लागल्या, डोळ्यामागनं डोकं गेलं. चुलीवर काय शिजतंय हे वासावरून सांगणारी बाई मला विचारायची, हा वास भाकरीचाच हाय ना? आणि हे रोज, सगळ्या गोष्टींबद्दल. नव्या घरात आम्हाला एक दिवस गोड लागला नाही.

घरभरणीला आलेल्या बायांनी ती गोष्ट गावभर केली होती, तशी ती गयाबाईंपर्यंतही गेली. एका सकाळी त्या आमच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. अनिलला म्हणाल्या, "फोड ती भिंत. म्या दाराला न्हाई म्हणलं होतं, तिच्या डोळ्याला न्हाई." आणि निघून गेल्या.

त्याच दिवशी अनिलनं स्वतः छन्नी-हातोडा घेऊन भिंत फोडली. मागून आणलेल्या वाळूच्या त्या भिंतीवर घाव घालताना त्याला फार जड गेलं. कपाळ पुसायच्या निमित्तानं तो सारखे डोळे पुसत होता. जुनी चौकट परत बसली. लिंबाचा वारा थेट कट्ट्यापर्यंत यायला लागला. आम्ही आत्याबाईंना धरून तिथं आणलं. त्यांनी चौकट चाचपली, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. आता यांना पटेल, असं मला वाटलं. त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, येड्या म्हातारीसाठी नवी भिंत पाडली व्हय रे तुम्ही.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात एकट्या येऊ लागल्या, एवढं मात्र झालं. भिंतीला हात लावत दारापर्यंत यायच्या आणि उंबऱ्याच्या आत थांबायच्या. दार सताड उघडं असायचं. वारा तोंडावर यायचा, केस उडायचे, बाहेर चिमण्या ओरडायच्या. तरी पुढे पाऊल टाकायच्या नाहीत. मी म्हणायची, जा ना आत्याबाई, तुमचंच दार आहे. त्या मान हलवायच्या. अंगणात तूर निवडत बसलेल्या गयाबाई ते रोज बघायच्या. शेवटी त्या उठून यायच्या, उंबऱ्याबाहेरून हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "या अक्का. भिंत न्हाई इथं." मग त्यांचा हात धरून आत्याबाई बाहेर पडायच्या. लिंबाखाली दोघी बसायच्या. काय बोलायच्या ते मला माहीत नाही.  पण गयाबाई गावाला गेलेल्या असल्या, की आत्याबाई उंबऱ्यात थांबून वाऱ्याला तोंड देऊन परत फिरायच्या. त्या दारातून त्या एकट्या कधीच गेल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, त्या दवाखान्यातच गेल्या आणि आम्ही त्यांना तशाच घरी आणलं. पाण्याच्या पाइपासाठी आमच्या समोरची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खोदून ठेवलेली होती. तिरडी तिथून निघणार नाही, असं माणसं म्हणायला लागली. कसं करायचं याची कुजबुज चालू असताना गयाबाईंनी अनिलला हाक मारली. माझ्या अंगणातून न्या, म्हणाल्या. त्यांनी स्वतः अंगणातली बाज उचलली, वाळत घातलेलं गोळा केलं, वाट झाडली.

चौघांनी आत्याबाईंना उचललं. बैठकीतून, कोनाड्यावरून, कट्ट्याला वळसा घालून, त्यांनी हातानं पाठ केलेल्या वाटेनंच नेलं. मी मागे होते. दारापाशी पुढचे दोघे उंबरा बघायला क्षणभर थांबले, आणि ती तिरडी बरोबर तिथंच थांबली जिथं त्या रोज थांबायच्या. मला ते सोसेना. बाहेर चौकटीला हात लावून गयाबाई उभ्या होत्या. त्यांनी सवयीनं दुसरा हात पुढे केला.

"या अक्का," त्या म्हणाल्या. "भिंत न्हाई इथं."